दवाखाना चांगला आहे, घड्याळ लावून बघितलाय

नाव लिहू नका, असं डॉक्टर मॅडमनीच सांगितलंय. "काकी, आत्ताच फोन उचलून होत नाहीत, त्यात भर नको." म्हणून नाव लिहीत नाही. सांगली-मिरज रस्त्यावर आहे, खाली औषधाचं दुकान आणि वर जनावरांचा दवाखाना. ज्याला खरोखर गरज आहे त्यानं मला विचारावं.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी एवढी खुसपटं का काढते ते कळेल. सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली २४ ओटीत, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण हात सवयीनं अजून कोपरापासून वर धरले जातात. पाहुण्यांकडे जेवायला गेले तरी हात धुऊन तसेच वर धरून उभी राहते, आमचे हे हसतात. तेव्हा हा जनावरांचा दवाखाना मी ओटी सिस्टरच्या डोळ्यांनी बघितलाय. कुणाला ते जास्त वाटेल, वाटू दे.

काम होतं मैनाचं. मैना आमची गावठी कुत्री, वय दीड वर्षं, वजन १६ किलो. पिल्लं नकोत म्हणून गर्भाशय काढायचं होतं. एरवी हे साधं ऑपरेशन, पण मी चार महिने चालढकल केली. कारण चिंगी.

चिंगी मैनाच्या आधीची. तिचं हेच ऑपरेशन दुसऱ्या एका ठिकाणी केलं होतं. ते कुठं, ते विचारू नका. मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि दार अर्धं उघडं. टेबलाशेजारी स्टीलचा ट्रे, त्यात पिवळट पाणी, आणि त्या पाण्यात कात्री, आर्टरी म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा, सुई धरायचा चिमटा, सगळं एकत्र. आधी एका मांजराचं झालं. हत्यारं नळाखाली धरली, परत त्याच ट्रेमध्ये टाकली, आणि दहा मिनिटांत माझ्या चिंगीसाठी तीच बाहेर काढली. मला दिसलं. मी बोलले नाही. नोकरीत एखाद्या शिकाऊ डॉक्टरनं हातमोजा टेबलाच्या खाली नेला तरी ओरडणारी मी, तिथं गप्प बसले. जनावरांचं असंच असतं वाटतं, असं म्हणून स्वतःची समजूत घातली.

पाचव्या दिवशी टाक्यातून पाणी यायला लागलं, सातव्या दिवशी पू. दोन टाके सुटले. पुढं तीन आठवडे मीच घरी ड्रेसिंग केलं, रोज सकाळी ओट्यावर गॉझ उकळून. चिंगी वाचली, नंतर म्हातारी होऊन गेली. पण तो पिवळट ट्रे काही डोक्यातून गेला नाही. अशा पाण्यात हत्यारं बुडवली की साधे जंतू मरतात, स्पोर, म्हणजे टणक कवचात दडून बसलेले जंतू, मरत नाहीत. त्यात दोन टक्के ग्लुटारल्डिहाइड, म्हणजे हत्यारं बुडवायचं जंतुनाशक, असलं तरी २० मिनिटांत नुसतं निर्जंतुकीकरणाचं नाव होतं. स्पोर मारायचे तर १० तास बुडवून ठेवावं लागतं, तेही हत्यार आधी घासून स्वच्छ केलेलं असेल तर. रक्त वाळलेल्या सांध्यात औषध शिरतच नाही. दहा तास कुठं आणि दहा मिनिटं कुठं?

म्हणून यावेळी मी आधी फोन केले. चार ठिकाणी, प्रश्न एकच: ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेनं हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन, आहे का? एकानं सांगितलं, "काकी, कुत्र्याला कशाला ऑटोक्लेव्ह?" दुसरीकडे म्हणाले, आमच्याकडे सगळं उकळून घेतात. तिसऱ्यानं एसी ओटी आहे म्हणून सांगितलं, जणू जंतूंना उकाडा सहन होत नाही. चौथ्या या मॅडम. म्हणाल्या, "आहे. येऊन बघा. फक्त ऑपरेशन चालू असताना आत येऊ देणार नाही." शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी रिक्षा केली.

ऑटोक्लेव्ह जुना आहे, उभा, झाकणाला सहा फिरक्या. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी घरचा कुकर डोळ्यांपुढे आणावा, दोघं सख्खे भाऊ. दर चौरस इंचाला १५ पौंड दाब आला की आतली वाफ १२१ अंशांवर जाते, आणि त्या वाफेत स्पोरही मरतो. पण किती वेळ? सगळी मेख इथं आहे. काटा १२१ वर पोचला की तिथून मोजायचं, बटण दाबल्यापासून नाही. सुटी हत्यारं असतील तर १५-२० मिनिटं, हत्यारांचा कापडात बांधलेला पॅक असेल तर ३०. घाईच्या दवाखान्यात बटण दाबल्यापासून मोजतात. आमच्याकडेही एक मामा असेच मोजायचे, त्यांना मी दोनदा पकडलंय.

मी गेले त्या दिवशी मशीन चालू होतं आणि वीज गेली. २२ मिनिटं झाली होती म्हणे. बाहेर एक गृहस्थ लॅब्राडॉर घेऊन बसलेले, त्याच्या मानेवरची गाठ काढायची होती. वीज पंधरा मिनिटांनी आली. मॅडम बाहेर येऊन शांतपणे म्हणाल्या, "पॅक परत लावावे लागतील, तुमचा नंबर दुपारी." गृहस्थ तापले. आठच मिनिटं राहिली होती, आता आठ मिनिटं लावा की, म्हणाले. मॅडमनी ऐकून घेतलं आणि घड्याळ परत शून्यापासून लावलं. मला त्या क्षणी बाकीचं काही बघायची गरज उरली नव्हती. तरी बघितलं, कारण मी आहे तशी आहे.

पॅक हाताला कोरडे होते. हे मी मुद्दाम तपासलं, कारण ओला पॅक म्हणजे बिनकामाचा पॅक. ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत ओढले जातात. वरच्या टेपवरच्या रेघा काळ्या झालेल्या. पण टेप काळी झाली म्हणजे पॅक गरम झाला एवढंच, आत वाफ पोचली का ते टेप सांगत नाही. ते सांगते पॅकच्या आत टाकलेली पट्टी. "आत पट्टी टाकता का?" मी विचारलं. मॅडमनी टेबलावर उघडलेल्या पॅकमधली कागदी पट्टी दाखवली, आणि एक रजिस्टर. तारीख, कितवा लोड, काटा कधी वर गेला, कधी उतरला, सही. वीज गेलेला लोड लाल पेनानं खोडून खाली "पुन्हा लावला" असं लिहिलेलं.

एका जनावराला एक पॅक. एकूण सहा पॅक. म्हणून दिवसाला सहाच्या वर ऑपरेशन नाही, सातव्याला दुसऱ्या दिवशीची वेळ. तुम्हाला घाई असेल तर हा दवाखाना तुमच्यासाठी नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

ओटी म्हणजे साधी १०-१२ फुटांची खोली. सरकतं दार, दाराला हातभर काच. भिंती गुळगुळीत, कॅलेंडर नाही, देवाचा फोटो बाहेर. छताला पंख्याचा हूक आहे, पंखा नाही. "काढून टाकला, पात्यावरची धूळ पोटात पडते," मॅडम म्हणाल्या. आमच्या ओटीतला पंखा काढायला मला किती अर्ज करावे लागले ते मला माहीत.

ऑपरेशनच्या दिवशी साडेआठला बोलावलं होतं. मैना रात्रीपासून उपाशी, त्यामुळे माझ्यावर नाराज. भूल दिल्यावर बाहेरच्या खोलीत पोटावरचे केस मशीननं काढले, ओटीत नाही, म्हणजे केस आत उडत नाहीत. लगेच छोट्या व्हॅक्यूमनं ओढून घेतले. चिंगीचे केस आदल्या संध्याकाळी ब्लेडनं काढले होते, मला वाटलेलं किती तत्पर माणसं आहेत. उलट आहे ते. ब्लेडनं कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि रात्रभरात त्यात जंतू बिऱ्हाड करतात. खोटं कशाला बोलू, सरकारी दवाखान्यात आम्हीही वर्षानुवर्षं हेच केलं. हर्नियाच्या पेशंटला आदल्या रात्री वस्तरा लावून झोपवायचो आणि काम उरकलं म्हणायचो.

मला आत नेलं नाही, पण काचेजवळ स्टूल दिलं. मॅडमनी हात धुतले ते मी मोजलं. नखांखालची घाण काढून साबणानं धुणं, पुसणं, मग स्पिरिटचं हॅन्डरब तीनदा, आणि ते सुकेपर्यंत थांबणं. ब्रश नाही. आमच्या वेळी ब्रशनं कोपरापर्यंत खरवडायचे, पाच-दहा मिनिटं. आता म्हणतात ब्रशनं कातडी सोलते आणि जंतू उलट वाढतात. मला पटायला जड गेलं. माझ्या हातांची सालपटं किती वर्षं निघत होती, ते सगळं फुकट?

हातांवरून आठवलं. रबरी हातमोजे ओटीत आले ते पेशंटसाठी नव्हे, सिस्टरसाठी. १८८९-९० च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरला हॉल्स्टेड नावाचे सर्जन होते, त्यांच्या ओटीतल्या सिस्टर कॅरोलिन हॅम्प्टन. हात धुवायच्या पाऱ्याच्या औषधानं त्यांचे हात फुटायचे, म्हणून साहेबांनी रबराच्या कंपनीकडून पातळ मोजे बनवून घेतले. पुढं त्यांच्याशी लग्नही केलं. मोज्यांमुळे इन्फेक्शन कमी होतं हे लोकांना नंतर उमगलं. नर्सिंगच्या मुलींना मी हे दरवर्षी सांगायचे. मुली लग्नाचंच लक्षात ठेवायच्या.

आता कातडी साफ करायचं काम. ते एक बावीसेक वर्षांचा मुलगा करत होता. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा गॉझ, जिथं छेद घ्यायचा तिथून सुरू करून गोल गोल बाहेर. कडेला पोचलेला गॉझ परत मध्ये आणायचा नाही, हा नियम. कडेची घाण मध्ये येते. पहिला गॉझ बरोबर. दुसराही. तिसऱ्याला त्याचा हात कडेवरून परत आत वळला, एवढासाच. मी स्टुलावरून उठले. काचेवर टकटक करणार, तेवढ्यात मॅडमचा आवाज, मानही न वळवता: "नवा घे." त्यानं गॉझ टाकला, नवा घेतला, मधून सुरुवात केली. मी परत बसले. शेवटी स्पिरिट लावलं आणि दोघंही काही न करता उभे. पोटावरची चमक जाईपर्यंत. ओलं असताना ड्रेप, म्हणजे वरून झाकायचं निर्जंतुक कापड, टाकला तर औषध काम करत नाही, पण ते अर्धं-एक मिनिट नुसतं उभं राहणं भल्याभल्यांना जमत नाही.

छेद घेतल्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत माझ्या घड्याळात ३४ मिनिटं. पोट जितका वेळ उघडं तितकं इन्फेक्शनचं भय जास्त, त्यामुळे हात चालणारा सर्जन हाही एक जंतुनाशकच समजा. मैनाच्या खाली गरम पाण्याची गादी होती. भुलीत अंग गारठतं आणि गारठलेलं शरीर जंतूंशी नीट भांडत नाही, हे माणसांतही खरं आहे.

आता भांडणाचा मुद्दा. घरी जाताना चिठ्ठीत फक्त दुखण्याचं औषध, तीन दिवसांचं. अँटिबायोटिक नाही. मी विचारलं, विसरलात का? नाही म्हणाल्या. "निदान एक इंजेक्शन तरी?" तेही नाही. मी चिडले. ३१ वर्षं मी टाके आणि पाच दिवसांच्या गोळ्या ही जोडी लावत आले, शिवा-पार्वतीसारखी.

मॅडमनी खुर्ची दिली आणि समजावलं, ते मला जसं कळलं तसं लिहिते. पू नसलेल्या जागी, नीट तयारी करून, तासाच्या आत संपलेल्या ऑपरेशनला अँटिबायोटिक लागतच नाही. हाड जोडायचं असेल, प्लेट टाकायची असेल, दीड-दोन तास लागणार असतील, तर त्या देतात. पण मग शिरेतून, छेदाच्या अर्धा-पाऊण तास आधी, म्हणजे ब्लेड लागतं तेव्हा औषध रक्तात हजर असतं. लांबलं तर टेबलावरच पुन्हा. टाके घातल्यावर पाच दिवस गोळ्या म्हणजे चोर गेल्यावर कुलूप. आणि फुकटही नाही. कुत्र्याच्या कातडीवर, नाकातोंडात स्टॅफिलोकोकस जातीचा एक जंतू मुळातच राहतो, सूडइंटरमीडियस नावाचा. कुत्र्यांच्या टाक्यांमध्ये पू करणारा बहुधा हाच. गोळ्यांनी त्याच्यातले साधे मरतात आणि निगरगट्ट उरतात. तो निगरगट्ट एकदा दवाखान्यात शिरला की नेहमीची औषधं त्याला लागू पडत नाहीत. "मग मला कल्चर करत बसावं लागतं, आणि तुम्हाला महागडी इंजेक्शनं," मॅडम म्हणाल्या. कल्चर म्हणजे पू लॅबमध्ये वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते बघणं.

मी गप्प बसले, पण पटलं म्हणून नाही. घरी येऊन मैनाचा ताप दिवसातून तीनदा बघितला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "एवढे साडेआठ हजार घेतले आणि गोळ्या पण नाही दिल्या?" मला उत्तर सुचेना. तिसऱ्या दिवशी टाक्याची कडा बारीक, गुलाबी, कोरडी. पाचव्या दिवशी, चिंगीला पाणी आलं होतं त्या दिवशी, मी चष्मा लावून, बॅटरी घेऊन फरशीवर पालथी पडून बघितलं. कोरडी. तेव्हा पटलं.

एक मात्र म्हणेन. माझ्या भावाच्या म्हशीचं सिझेरियन तासगावकडे गोठ्यातच झालं होतं, उभ्या म्हशीचं, कुशीतून, बादलीभर पाणी आणि कंदिलासारखा बल्ब. शेण, माश्या, ओलं वैरण. तिथं डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं ते बरोबरच होतं. मॅडमही तेच म्हणाल्या. गोळ्या द्यायच्या नाहीत ही मिजास त्या ऑटोक्लेव्हच्या जिवावर करता येते, गोठ्यात नाही.

घरच्या काळजीचं दवाखाना लिहून देतो, मराठीत, एका पानावर. गळ्यात नरसाळं दहा दिवस, झोपतानाही. चाटून जखम बरी होते असं माझे सासरे सांगायचे. कुत्र्याच्या तोंडात जंतूंची जत्रा असते आणि जीभ टाके उसवते. हळद नाही, तेल नाही, पावडर नाही, आंघोळ नाही. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी टाक्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. नाही पाठवला तर फोन येतो. मला आला, कारण सातव्या दिवशी मी फोटोत मैनाचं तोंडच जास्त घेतलं होतं.

आणि तीस दिवसांनी परत एक फोन: जखम कशी आहे? कारण ऑपरेशननंतर तीस दिवसांत उद्भवलेलं इन्फेक्शन ऑपरेशनच्या खात्यात धरायचं असतं. त्याचं वेगळं रजिस्टर आहे. मी मागून बघितलं. त्यात लाल पेनाच्या नोंदी होत्या, फार नाहीत, पण होत्या. पुढं कारण लिहिलेलं, कुठं "नरसाळं काढलं", कुठं "वेळ जास्त", एका ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह. त्या प्रश्नचिन्हानं माझा विश्वास बसला. ज्या ओटीच्या वहीत एकही इन्फेक्शन नाही, तिथं एकतर ऑपरेशनं होत नाहीत नाहीतर कुणी लिहीत नाही.

आता तक्रारी. बसायची जागा एकच. मैना टाके घालून बाहेर आली तेव्हा शेजारी जुलाब-उलट्यांचं पिल्लू मांडीवर घेऊन एक मुलगा बसला होता. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना जुलाब-उलट्या लावणारा विषाणू, असला तर तो स्पिरिटला दाद देत नाही, त्याला ब्लीचच लागतं, आणि फरशी मात्र मावशी वासाच्या फिनेलनं पुसत होत्या. ऑपरेशनवाल्यांसाठी वेगळं बाक हवं. पार्किंग नाही. बिल हातानं लिहिलेलं, साडेआठ हजार एवढाच आकडा, तपशील मागितल्यावर मिळाला. चिंगीच्या वेळी साडेतीन हजार लागले होते, पण त्यात तीन आठवड्यांचं ड्रेसिंग आणि माझी झोप धरलेली नव्हती.

सगळ्यात खटकलं ते दोन गोष्टींत. तो मुलगा ओटीतल्या चपला घालून खाली चहा आणायला गेला आणि त्याच चपलांनी परत आत. आणि मॅडमचा फोन. दोन ऑपरेशनच्या मध्ये त्यांनी खिशातून काढला, बोलल्या, परत ठेवला, मग हात धुतले. धुतले हे खरं, पण फोन गाऊनच्या आतच राहिला. मी दोन्ही सांगितलं. मॅडम कानकोंड्या झाल्या. मुलगा माझ्याकडे असा बघत होता की मी परत येऊ नये.

म्हणून पाचपैकी चार दिले होते. अकराव्या दिवशी टाके काढायला गेले. मैनानं दारातच लघवी केली, टाके तीन मिनिटांत निघाले. येताना काचेतून डोकावले. ओटीच्या दाराशी आत निळ्या चपलांचे दोन जोड, अंगठ्यावर मार्करनं "ओटी" लिहिलेलं. साडेचार करते. फोन अजून खिशातच आहे.